नळीतून आभाळ दिसतं का?

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या मायला थंडी वाजायला लागते. बाहेर खरं तर ऑक्टोबरचं ऊन मी मी म्हणत असतं. गच्चीवर पसरलेली लाल मिरची दुपारी हातात घेतली तर आतल्या बिया खुळखुळ वाजतात. कुत्री रांजणाच्या ओलाव्याला पोट टेकवून पडलेली असतात. आणि गरगरत्या पंख्याखाली, पदराने मान पुसत, माय फर्मावते, "बंब काढा रे भायेर. थंडी काय सांगून येती का?"

थंडी सांगून येते, असं माझं मत आहे. निदान धावड्यात तरी येते. जालना जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या अंगाला, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेशी खेटून आमचं गाव. उत्तरेचा वारा सुटला की पहिली वर्दी वावराला मिळते. मिरचीच्या पानांवर पहाटे दव दिसू लागतं. मग कोजागरी होते, देवळात काकडा सुरू होतो आणि पहाटे चारला टाळ घेऊन निघालेल्यांच्या कानांना उपरणी गुंडाळलेली दिसतात. देवापुढे जो लावतात तो काकडा आणि त्याआधी गार पाण्याने अंघोळ केली तर जे होतं ते काकडणं. आमच्या भाषेनेच ही सोय करून ठेवली आहे. एवढ्या वर्द्या मिळूनही थंडीने गाठलंच, तर तो दोष थंडीचा कसा?

पण माय हे ऐकून घेत नाही. तिच्या लेखी थंडी हा दरोडा आहे आणि दरोडा पडण्याआधी कुलपं तपासायची असतात.

अजिंठ्याची लेणी आमच्यापासून फार लांब नाहीत. वर्षावासाचा नियम असा, की भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं आणि पाऊस सरला की चालू लागायचं. लेण्यांत उभं राहून मी बऱ्याचदा विचार केला आहे. दगडात खांब कोरले, छतावर कमळं रंगवली, निजायला दगडी ओटे केले. पण पाणी तापवायचा बंब काही कुठे कोरलेला दिसला नाही. आता अशा माणसांनी कार्तिकाच्या आत चालू लागावं, यात मला तरी वैराग्यापेक्षा व्यवहार जास्त दिसतो.

आमच्या घरचा बंब १९६६ सालचा. मायच्या लग्नात तिच्या मामाने दिलेला. तो आला तेव्हा आमचं गाव औरंगाबाद जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा निराळा झाला आणि बंब न्हाणीच्या कोपऱ्यातून तसूभरही न हलता जिल्हा बदलून मोकळा झाला. पुढे जुन्या जिल्ह्याचंही नाव बदललं. बंबाने कशाचीच दखल घेतली नाही. त्याच्या अंगावर मात्र एक दप्तरी नोंद होती. जुन्या रीतीप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: मामाचं नाव, गाव, तारीख आणि 'यांजकडून सप्रेम भेट'. साठ वर्षांच्या चिंच-मिठाने मामा गेले, गाव गेलं, तारीख गेली. भेटसुद्धा गेली. आता त्या सगळ्यातलं 'सप्रे' एवढंच उरलंय. नव्या पाहुण्याला अंघोळीला पाठवलं की तो टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर येतो आणि हमखास विचारतो, "हा बंब सप्र्यांकडून घेतला का?"

ज्यांनी बंब पाहिला नाही अशी पिढी आता नोकरीला लागली आहे, म्हणून थोडं सांगतो. तांब्याचा उभा पिंप समजा. त्याच्या पोटातून, खालपासून वरपर्यंत, एक आरपार नळी. नळीच्या तळाशी बिडाची जाळी. जाळीवर विस्तव, जाळीखाली राख आणि नळीच्या भोवतीने पाणी. म्हणजे चुलीवर भांडं ठेवायच्या ऐवजी भांड्याच्या पोटातच चूल ठेवलेली. आग चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली, त्यामुळे तिची ऊब फारशी वाया जात नाही. रशियातला समोवर हा बंबाचा सख्खा चुलतभाऊ. तूला गावचे समोवर जगभर नावाजलेले; पण ते चहाचे, टेबलावर मिरवणारे. आपला बंब न्हाणीतला, धुराने काळवंडलेला, शेतकरी भाऊ.

नावाची गंमत वेगळीच. पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बोंबा' म्हणतात. तो शब्द किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत त्याचे दोन बंब झाले. एक आग विझवायला धावतो, दुसरा आग पोटात घालून बसतो. शहरात बंब आला म्हणजे माणसं घराबाहेर पळतात. आमच्याकडे बंब पेटला म्हणजे माणसं घरातून न्हाणीकडे पळतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी शाळेत बत्तीस वर्षं शिकवली. पण लहानपणी तिचा अर्थ मला कधी नीट लागला नाही. आग आणि बंब इतके लांब कसे, असं वाटायचं. आमच्याकडे तर आग बंबातच असे.

तर, तपासणी.

बंब दोघांनी उचलून अंगणात आणायचा. एक जण म्हणजे मी, दुसरा माझा मुलगा, तिसरी देखरेखीला माय. तो आडवा करायचा नाही, तिरपा करायचा. आडवा केला की तोटी दुखावते. मग माय म्हणते, "वाक. नळीतून आभाळ दिसतं का बघ."

ही मुख्य परीक्षा. गुडघे टेकायचे, मान वाकडी करायची आणि राखेच्या तोंडातून वर बघायचं. नळी साफ असेल तर दुसऱ्या टोकाला आभाळाचा एक गोल तुकडा दिसतो, जुन्या रुपयाएवढा, निळाशार. नाहीतर अंधार. यंदा मी बघितलं तर अर्धा रुपया निळा आणि अर्धा काळा. वरच्या बाजूने काजळीचा थर लोंबत होता आणि त्याच्या आडोशाला कुण्या गांधीलमाशीने पावसाळ्यात मातीचं घर बांधलेलं. मालकीण घर सोडून गेलेली होती, हे मी काठी घालून आधी नक्की करून घेतलं. बांबूच्या टोकाला चिंध्या बांधून नळीत घातल्या आणि वरखाली ओढल्या. काजळी अशी खाली आली की दोन मिनिटांनी मुलाने मोबाइलवर माझा फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बाबांची कार्बन कॉपी.'

पुढची परीक्षा कानाची. बोटाचं पेर वाकवून बंबावर जागोजाग टिचकी मारायची. माठ घेताना मारतो तशी. ठण्ण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर त्या जागी आतून क्षार बसलाय. आमचं बोअरचं पाणी जड. दरवर्षी तापताना ते आपल्यातला थोडा दगड तांब्याला देऊन जातं. तो थर चढला की आग पाण्याला भेटतच नाही. सरपण जळत राहतं आणि पाणी कोमटच. माय टिचक्या मारत मारत बंबाभोवती फिरते तेव्हा डोळे मिटून घेते. डॉक्टर पाठीवर बोटं ठोकतात ना, अगदी तसं. फक्त डॉक्टर 'मोठा श्वास घ्या' म्हणतात आणि माय म्हणते, "गप रहा जरा, पंखा बंद करा आतला."

मग तोटी. तोटी कधीच पूर्ण बंद होत नसते, हा बंबाच्या जातीचा स्वभाव आहे. पूर्वी सुतळी आणि सफेदा लावून आटे घट्ट करायचे, आता पांढरी टेप मिळते. दोन्ही लावूनही थेंब पडतोच. तो किती वेळाने पडतो, एवढंच तपासायचं. मायचा नियम असा की एक थेंब पडल्यावर 'पांडुरंग हरी' दहादा म्हणून होईपर्यंत दुसरा पडता कामा नये. यंदा सातव्याला पडला. त्यात माय भरभर म्हणते की सावकाश, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो.

हे चाललं असतानाच माझ्या पुतण्याचा फोन आला. तो अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. तिकडे रात्र होती. व्हिडिओवर माझं काळं तोंड बघून तो आधी घाबरला, मग बंब दिसल्यावर हसला. म्हणाला, "काका, काय योगायोग बघा. आजच आमचा फर्नेसवाला येऊन गेला. दरवर्षी थंडीच्या आधी तपासून घ्यावं लागतं."

फर्नेस म्हणजे भट्टी, एवढं मी मायला समजावलं. तिने फोन हातात घेतला.

"किती पानी तापतं रे तुझ्या भट्टीत?"

"पाणी नाही आजी, हवा तापते. तळघरात भट्टी असते. तिथून गरम हवा नळ्यांतून सगळ्या खोल्यांत जाते."

माय बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हवा तापवायला पैसे पडतात?"

पुतण्याने तिला उणे वीस अंशांचा अर्थ सांगायचा प्रयत्न केला. फ्रिजच्या वरच्या खणातल्या बर्फापेक्षाही बाहेर गार असतं, म्हणाला. आम्हा मराठी माणसांची थंडीची मापं वेगळी. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा दोन अंशांच्या खाली उतरला आणि द्राक्षवाल्यांनी रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवल्या, तेव्हा आपल्याकडे पेपरच्या पहिल्या पानावर बातम्या होत्या. मिनियापोलिसला जानेवारीत दोन अंश झाले तर लोक स्वेटर काढत असतील.

पण मायने शेवटी जो प्रश्न विचारला तो ऐकून पुतण्याच चपापला. ती म्हणाली, "नळी साफ केली का त्यानं?"

"हो आजी. तेच तर मुख्य बघतो तो. धूर बाहेर जायचा रस्ता मोकळा आहे का आणि आतल्या पत्र्याला कुठे चीर गेलीय का. नाहीतर विषारी वायू घरात पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. म्हणून आम्ही भिंतीला गजर लावलेत."

"आमच्याकडं गजर म्हंजे मी," माय म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

खोटं नाही ते. त्या वायूला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात हे मायला ठाऊक नाही. पण विस्तवाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून निजायचं नाही, आणि न्हाणीची खिडकी बंब विझेपर्यंत लावायची नाही, हे दोन नियम तिने आम्हाला अ-आ-ईच्या आधी शिकवले. भर पौषात आम्ही भावंडं उघडेबंब, कुडकुडत, त्या उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या घालत अंघोळ करायचो. पाठीला कढत पाणी आणि छातीला गार वारा. पुतण्याचं बोलणं ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, की ती खिडकी म्हणजे आमच्या घरचा भिंतीवरचा गजर होता. साठ वर्षं तो एकदाही वाजला नाही, म्हणजे चालूच होता.

हवा तापवून घरभर खेळवणं ही कल्पनाही काही आजची नाही. जुने रोमन लोक स्नानगृहाची जमीन बुटक्या खांबांवर उचलून घेत आणि तिच्या पोकळीत भट्टीची गरम हवा सोडत. पाँपेई शहरातली अशी स्नानगृहं इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडली गेली. आता यात आमच्या तालुक्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. त्याच पाँपेईत १९३८ मध्ये राखेतून एक हस्तिदंती मूर्ती निघाली, दागिन्यांनी मढलेली भारतीय बाई, दोन्ही बाजूंना दासी. आणि भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, उत्खनन झालं तेव्हा तिथे तिच्याशी खूप मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती सापडली. अभ्यासक यावरून व्यापारी मार्ग, बंदरं, कारागिरांचे संप्रदाय असं बरंच काही सांगतात. ते बरोबरच असणार. मी मात्र शाळेत पोरांना सांगायचो, की आपल्या तालुक्याच्या धाटणीची एक बाई दोन हजार वर्षांपूर्वी जमिनीखालून ऊब येणाऱ्या गावी जाऊन राहिली आणि दुसरी भोकरदनलाच थांबली. जी गेली ती शेवटी भट्टीनेच गाडली. पोरं हसायची. परीक्षेत हे लिहू नका, असंही मी लगेच सांगायचो.

बंबाकडे वळतो. टिचक्यांच्या परीक्षेत बुडाशी, नळी आणि तळ जिथे मिळतात तिथे, एक जागा संशयास्पद निघाली. त्या जागेचा इतिहास आहे आणि तो माझ्याच नावावर आहे. तीन वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीच्या पहाटे, सगळ्यांआधी उठून घराला चकित करावं म्हणून मी बंब पेटवला. छान रसरशीत पेटवला. पाणी घालायचं राहिलं. पाणी असेपर्यंत बंबाला काही होत नाही, कारण पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही आणि आपल्याला चिकटलेल्या तांब्यालाही फारसं जाऊ देत नाही. पाणी नसलं की तांबं एकटं पडतं. तांब्याचं स्वतःचं काही बिघडत नाही, ते हजार अंशांच्या पुढेच वितळतं; पण त्याचे सांधे झाळलेले असतात कथलाने, आणि कथील २३२ अंशांना हात टेकतं. आम्ही उटणं लावून बसलो होतो. न्हाणीतून टप्‌ असा आवाज आला, मग पुन्हा टप्‌. बघतो तर जाळीखाली राखेत चांदीचे मणी सांडल्यासारखे कथलाचे थेंब. माय काहीच बोलली नाही. त्या दिवाळीला आम्ही सगळे गार पाण्याने न्हालो आणि कारीट फोडताना माझ्या पायाखाली नरकासुर होता की मीच, हे मला घरच्यांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हतं.

तेव्हापासून त्या सांध्याची दरवर्षी पाहणी होते. यंदा तिथे ओल धरली होती. म्हणून बाजारच्या दिवशी झाळणाऱ्याला बोलावलं. पूर्वी तो खांद्यावर भाता घेऊन यायचा. आता मोटारसायकलला गॅसची टाकी बांधून येतो. पण नवसागर तोच. त्याने सांधा घासून लख्ख केला, ज्योत धरली आणि नवसागराची चिमूट टाकली. चर्र झालं, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि नाकाला तो जुना झणका बसला. कल्हईवाल्याभोवती जमणाऱ्या पोरांच्या नाकात तो कायमचा राहिलेला असतो. कथलाची कांडी टेकवली. ती क्षणभर घट्ट राहिली, मग अचानक पाण्यासारखी पळाली आणि सांध्याच्या रेघेत स्वतःहून शिरली. झाळणाऱ्याने कापसाचा बोळा फिरवला. काम झालं. पैसे घेताना तो म्हणाला, "गुरुजी, आता तालुक्यात बंब राहिले किती? मोडीत घाला, तांब्याला भाव हाये."

माय आतून म्हणाली, "तुझ्या बापाला इचार, त्यानंबी हेच सांगितलं व्हतं."

खरं सांगायचं तर आमच्याकडे गीझर आहे. गच्चीवर सौरबंबही बसवलाय. पण तो ढगाळ दिवशी रुसतो, आणि ढग नसतात तेव्हा ऊन पाण्याची गरजच फारशी नसते. गीझरचं म्हणाल तर वीज असली की तो उत्तम. पण वीज आमच्याकडे घरात एक वागते आणि वावरात एक. ऐन थंडीत गव्हाला पाणी द्यायची पाळी रात्रीची असते, आणि दोन वाजता बांधावर शेकोटी करून बसलेला माणूस पहाटे घरी येतो तेव्हा त्याला नेमकं गरम पाणी लागतं आणि नेमके दिवे गेलेले असतात. हे कारण मी सगळ्यांना सांगतो. ते खरंही आहे. पण त्याच्या मागे दुसरं एक कारण आहे.

गीझर गेल्या वर्षी बिघडला. त्याच्या अंगावरचा तांबडा दिवा लागायचा, पाणी मात्र गारच. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. कुठे वाकायचं, कुठून आभाळ बघायचं, कुठे टिचकी मारायची, काहीच कळेना. टिचकी मारली तर सगळीकडून सारखाच, प्लॅस्टिकचा, कुणाचाच नसलेला आवाज. मिस्तरी आला, झाकण उघडलं, काहीतरी काढलं, काहीतरी बसवलं, बिल दिलं. त्याला काय झालं होतं हे मला अजून माहीत नाही. घरात आता अशी बरीच यंत्रं आहेत. ती आजारी पडतात आणि बरी होतात, पण आपल्याला कुणी सांगत नाही. बंब हे आमच्या घरातलं शेवटचं यंत्र आहे, ज्याची खोड मला कळते. ती मीच केलेली असली तरी.

राहता राहिलं सरपण. दिवाळीला बंबात जाळायला मिळतात त्या गेल्या सालच्या पऱ्हाट्या. यंदाची कपाशी अजून वावरात उभी, तूर फुलावर. जुन्या पऱ्हाट्या ताडपत्रीखाली पावसाळा काढतात, आणि ताडपत्रीला भोक कुठे आहे हे पावसाला बरोबर ठाऊक असतं. ओल्या पऱ्हाटीचा धूर होतो. म्हणून त्या पसरून वाळवायच्या, गोवऱ्या फोडून आतून कोरड्या आहेत का बघायच्या, मक्याची दाणे काढलेली कणसं पोत्यात भरून ठेवायची. आमच्या भागातला पूर्वीचा थाट निराळा होता, असं माय सांगते. डोंगरात धावडा होता. आमच्या गावाचं आणि त्या झाडाचं नाव एकच. गोरी, गुळगुळीत सालीचं झाड. लाकूड इतकं चिवट की कुऱ्हाडीचे दांडे त्याचे आणि कोळसाही त्याचाच उत्तम. शिवाय त्याला डिंक येतो. थंडीचे लाडू करताना धावड्याचा डिंक तुपात टाकला की तो फुलून पांढरा, हलका, कुरकुरीत होतो. झाडाचं खोड बाहेरच्या बंबाला आणि त्याचा डिंक आतल्या बंबाला. आता खोड कुणी तोडू नये, आणि डिंक पुड्यातून येतो.

सरपणाच्या बाबतीत एक सावधगिरी फक्त आमच्याच पट्ट्यात घ्यावी लागते. इथून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत सगळा मिरचीचा मुलूख. पिंपळगावच्या बाजारातली हिरवी मिरची कुठल्या कुठे जाते. हंगाम सरला की वावरातून उपटलेली मिरचीची झाडं बांधावर वाळतात आणि काड्या दिसायला पऱ्हाटीसारख्याच. एकदा आमच्या गल्लीत एका नव्या सुनेने, माहेर गोदाकाठचं, ऊस आणि केळीतलं, त्या काड्या बंबात घातल्या. झाडाला चार-दोन वाळक्या मिरच्या चुकून राहिलेल्या होत्या. चार-दोनच. अख्खी गल्ली खोकत रस्त्यावर आली. देवळातला काकडा अर्ध्यावर थांबला. मृदंगवाला शिंकत होता आणि त्याच्या शिंका, लोक सांगतात, तालात पडत होत्या. तेव्हापासून माय पऱ्हाटीची प्रत्येक मोळी सोडून बघते. फर्नेसवाल्याच्या यादीत हे कलम नसावं.

अशा सगळ्या परीक्षा पार पडल्या. चिंचेने घासून बंब लख्ख तांबडा झाला. 'सप्रे' आणखी एक वर्ष पुसट झालं. तो परत न्हाणीत नेऊन बसवला आणि मला वाटलं सुटलो. पण झाळलेला सांधा पेटवून बघितल्याशिवाय पास होत नसतो. माय म्हणाली, "आधी पानी घाल," आणि मी ते घातलं आहे हे स्वतः बोट बुडवून पाहिलं. मग तिने दोन गोवऱ्या, चार पऱ्हाट्या आणि रॉकेल नाही म्हणून तेलात बुडवलेली वात घालून जाळ केला. धूर आधी न्हाणीत घुटमळला, मग त्याला नळी सापडली आणि तो सरळ वर निघाला. गांधीलमाशीच्या घराची थोडी माती खाली पडली. सांधा कोरडा राहिला. अर्ध्या तासात बंब गुणगुणायला लागला. पाणी तापताना जो बारीक सूर निघतो तो ऐकून मायच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मीही दोन मिनिटं उभा राहिलो.

आणि मग लक्षात आलं, की दुपारचे साडेबारा वाजलेत, ऑक्टोबर आहे, आणि न्हाणीत दोन माणसांनी उचलायच्या बंबाभर कढत पाणी तयार आहे.

"ओतून देऊ," मुलगा म्हणाला.

मायने त्याच्याकडे असं बघितलं की तो टॉवेल आणायला गेला. ऊन पाणी फेकणं हे तिच्या शास्त्रात अन्न फेकण्यासारखं आहे. मुलगा न्हाला. आमची ही न्हाली आणि बाहेर येऊन पंख्याखाली बसली ती कुणाशी बोलेना. झाळणाऱ्याला अंघोळ करून जा म्हटलं, तर त्याने मोटारसायकल चालू केली. शेवटी माझा नंबर आला.

न्हाणीवर पत्रा आहे. पत्र्यावर ऑक्टोबर होता. बंब धगधगत होता आणि खिडकी नियमाप्रमाणे उघडी होती. तिच्यातून जी झुळूक येत होती ती बंबापेक्षा थोडीच गार होती. मी घंगाळात पाणी घेतलं, जमेल तेवढं विसण घातलं आणि पहिला तांब्या खांद्यावर ओतला. घाम कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झालं, हे सांगता आलं नसतं.

दाराबाहेरून मायचा आवाज आला, "काय रे? ऊन हाये का?"

"हाये," मी म्हणालो. "दोन्ही बाजूनं."

"मग आवरू नको इतक्यात," माय म्हणाली. "आजून एक घंगाळ हाये."